प्रॉम्प्टरच्या घरातली कुजबुज

७ जानेवारी

ही वही मी हौसेने लिहीत नाही. समुपदेशक बाईंचा हुकूम आहे. आज त्यांनी आम्हा नवराबायकोला शाळेत बोलावून घेतलं आणि पहिलीच्या मुलांच्या खुर्च्यांवर बसवलं. गुडघे हनुवटीला टेकवून आम्ही आमच्या दोन्ही मुलांचे अहवाल ऐकले. दहा वर्षांच्या मुलाला डिस्लेक्सिया. नऊ वर्षांच्या मुलीला एडीएचडी. थोडक्यात, एकाला अक्षरं दाद देत नाहीत आणि दुसरीला खुर्ची.

"दोघंही हुशार आहेत," बाई म्हणाल्या. "आळशी नाहीत, हट्टी नाहीत. तुम्ही रोज थोडं लिहीत जा, मुलांना काय जमलं ते. काय जमलं नाही ते शाळा लिहितेच."

मुलाला आम्ही पंत म्हणतो, कारण पाळण्यात असल्यापासून त्याचा चेहरा कुणाचा तरी निवाडा करत असल्यासारखा आहे. मुलीला भिंगरी. एवढं लिहीपर्यंत ती माझ्या टेबलाखालून दोनदा जाऊन आली आणि माझी एक चप्पल घेऊन गेली.

आता मुख्य संकट. पंत लेखी परीक्षेत सारखा नापास होतो. वार्षिक परीक्षेतही तेच झालं तर त्याला त्याच वर्गात ठेवणार, आणि पुढच्या वर्षी त्या वर्गात भिंगरी येणार. ही बातमी ऐकून भिंगरीने टाळ्या पिटल्या. पंत जेवला नाही.

बाईंकडे उपाय तयार होता. परीक्षेत पंताला प्रश्न वाचून दाखवायला एक माणूस मिळेल, वर जादा वेळ. आईवडिलांनी फक्त संमतीची सही करायची. बायकोने पर्समध्ये पेन शोधायला सुरुवातही केली होती. मी म्हटलं, थांब. मी नाटकातला प्रॉम्प्टर आहे. उभा जन्म मी दुसऱ्यांना ओळी पुरवतो, आणि माझ्या पोटच्या पोराला परका माणूस वाचून दाखवणार? मला फेब्रुवारीअखेरपर्यंत वेळ द्या, त्याला वाचायला लावतो की नाही बघा.

बाईंनी वेळ दिला. बायकोने एक नजर दिली.

९ जानेवारी

माझं काम पुष्कळांना कळत नाही, म्हणून लिहून ठेवतो. विंगेत, पडद्याच्या आड, मी संहिता घेऊन बसतो. नट वाक्य विसरला की मी कुजबुजतो. शब्द नटाच्या कानात पडला पाहिजे आणि पहिल्या रांगेला कळता कामा नये. आमचे नायकमहाशय अर्धं नाटक माझ्या जिवावर करतात आणि टाळ्या स्वतःच्या जिवावर घेतात. असो.

प्रयोग संध्याकाळी असतात, म्हणून दुपारी मुलं माझ्याकडे. बायको दातांची डॉक्टर, तिचा दवाखाना दिवसभर. माझी पद्धत अशी: पंताने उभं राहून मोठ्याने वाचायचं. मी आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकायचं, कारण डोळे मिटले की कान धारदार होतात. भिंगरीने पॅसेजमध्ये फेऱ्या मारायच्या, म्हणजे मध्येमध्ये करणार नाही.

१४ जानेवारी

पद्धतीला अजून यश नाही. पंत आज एका ओळीवर अडकला तो अडकलाच. शब्द धरला की निसटायचा, निसटला की दुसराच हाती यायचा. मी एक अक्षर बोललो नाही. पण चेहरा बोलला असणार, इतकी वर्षं नाटकवाल्यांत काढल्यावर चेहरा हाताबाहेर जातो. त्याचे कान लाल झाले. पुस्तकावर एक थेंब पडला, तो त्याने बाहीने पुसला, आणि मीही डोळे पुसून पुस्तक मिटलं.

नंतर दोघं बहीणभाऊ खोलीत दार लावून बसली. भिंगरी आणि दार लावून एका जागी! बाईंनी सांगितलंय ना, जमलं ते लिहा. लिहिलं.

१५ जानेवारी

विजय! विजय!

पंताने आज अख्खा परिच्छेद वाचला. न अडखळता! पूर्णविरामाला थांबला, प्रश्नचिन्हाला आवाज चढवला. मी खुर्चीतून उडालोच. त्याला उचलून घेतलं, गरगर फिरवलं, भिंगरीलाही उचललं, मग कंबर धरून खाली बसलो. बायको आली तेव्हा दारातच सांगितलं. तिने पंताच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "एका रात्रीत?"

या बाईला आनंदातही कीड शोधायची सवय आहे. धंद्याचा परिणाम.

आणि पंत? माझ्याकडे बघत होता नुसता. एवढा खूश झालेला बाप त्याने पूर्वी पाहिला नसावा.

२० जानेवारी

वाचन जोरात चालू आहे. पंताने वाचायची जागा बदलून मागितली. आता तो पॅसेजच्या पडद्याला पाठ लावून उभा राहतो. तिथे वारा चांगला येतो म्हणाला. कलावंताला जागेचा मूड लागतो, हे मला कोणी शिकवायला नको.

भिंगरीतही फरक आहे. दुपारभर ती त्याच पडद्यामागे असते. पाय आपटल्याचा, उड्या मारल्याचा आवाज येतो खरा, पण ती तिथून हलत नाही. माझ्या शिस्तीचा परिणाम दोघांवर एकदम झालेला दिसतो.

समोरच्या काकू आल्या होत्या. त्यांची मुलगी पंताच्याच वर्गात. तिचं भाषेचं पुस्तक सापडत नाहीये, तुमच्याकडे आलंय का, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, काकू, मुलांना वस्तू सांभाळायची सवय लहानपणापासून लावायला हवी. काकू फणकारून गेल्या.

२४ जानेवारी

आज वाचन रंगात आलं असताना दाराची घंटा वाजली. भिंगरी पडद्यामागून सुसाट निघाली, दार उघडलं, गॅसवाल्याशी गप्पा मारत बसली. आणि इकडे पंताने वाक्याच्या मधोमध जो विराम घेतला! भिंगरी परत येईपर्यंत स्तब्ध. मग तिथूनच वाक्य उचललं. असा विराम आमच्या नायकमहाशयांना आयुष्यात जमलेला नाही.

आणखी एक गंमत. पाठ हिमनदीचा होता. वाचता वाचता पंत म्हणाला, "अगं, हळू." मी डोळे न उघडता विचारलं, हे पाठात कुठे आलं?

"लेखक हिमनदीला म्हणतोय," पंत म्हणाला.

नदीशी इतक्या मायेने बोलणारा लेखक मला फार आवडला.

१ फेब्रुवारी

कानात कुजबुज ऐकू येते. काही दिवसांपासून जाणवत होतं. आधी वाटलं नळाचा आवाज, मग वाटलं उंदीर. उंदरांसाठी सापळा लावला, त्यात भिंगरीचा मोजा सापडला. शेवटी लक्षात आलं की इतकी वर्षं कुजबुजून कुजबुजून माझ्या कानातच ती मुरली असणार.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "कधी ऐकू येते?"

"दुपारी. वाचनाच्या वेळी."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"नाही. सुट्टीच्या दिवशी आराम असतो."

तिने पर्समधून रुमाल काढला. मग तोंडावर रुमाल धरून म्हणाली, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ये. माझी काळजी वाटून रडू आलं असावं बिचारीला.

३ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, तुमचे कान उत्तम आहेत, पानाची सळसळ ऐकू येईल. फी मात्र दणदणीत घेतली. कुजबुज चालूच आहे.

६ फेब्रुवारी

हल्लीची पाठ्यपुस्तकं फारच पुढे गेली आहेत. आज मधमाश्यांचा पाठ होता. सुरुवात रीतसर झाली, पोळं, पराग वगैरे. पुढे राणीमाशीला कंटाळा येतो. ती म्हणते, आजपासून मी राजीनामा देते, मला कोणी मध विचारू नये. मग सगळ्या कामकरी माश्या घसरगुंडीवर जातात, आणि मुख्याध्यापिका माशी पोळ्यात पडते व तिचा चष्मा मधात बुडतो.

पंताचा आवाज वाचताना थोडा डळमळत होता. पडद्यामागे भिंगरीला खोकल्याची मोठी उबळ आली, ती बराच वेळ थांबेना. मी पंताला म्हटलं, पुन्हा वाच रे तो चष्म्याचा भाग. त्याने पुन्हा वाचला तेव्हा चष्म्याऐवजी कवळी बुडाली. पंत म्हणाला, पहिल्यांदा वाचताना चूक झाली. आपली चूक कबूल करतो, हेही त्याला जमायला लागलं.

११ फेब्रुवारी

शाळेत जाऊन समुपदेशक बाईंना ठणकावून सांगितलं, सही होणार नाही. माझ्या मुलाला वाचून दाखवायला माणूस नको. तो वाचतो.

बाई म्हणाल्या, "वर्गात मात्र अजून वाचत नाही हो."

मी म्हटलं, वर्गात बुजत असेल. घरी या, ऐका. आणि पाठ्यपुस्तक मंडळाचंही कौतुक करायला हवं. राणीमाशीचा राजीनामा काय, मधात बुडालेली कवळी काय. माझ्यासारख्या नाटकातल्या माणसालाही ते सुचलं नसतं.

बाईंचं पेन हवेतच राहिलं. "कुठल्या पाठात आहे हे?"

"तुमच्याच. मधमाश्यांच्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, गुरुवारी पंताला घेऊन मुख्याध्यापिकांकडे या, त्यांनाही ऐकू दे. तिथे त्याने वाचलं, तर सहीचा विषय संपला. छाती फुगवून घरी आलो.

पंताला सांगितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक.

"बाबा, सही करून टाक ना."

"अरे, गरज काय? तू वाचतोस!"

"बाबा, मी ना..."

"लाजू नकोस. मोठ्या कलावंतांनाही प्रयोगाआधी पोटात गोळा येतो."

त्याने मान खाली घातली. भिंगरीने त्याचा हात धरून त्याला खोलीत नेलं. विनय म्हणतात तो हा.

१६ फेब्रुवारी

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मुख्याध्यापिकांची खोली तळमजल्यावर. खिडकी उघडी होती. पंत टेबलासमोर उभा, मी त्याच्या मागे, बायको दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून आलेली, आणि समुपदेशक बाई कोपऱ्यात. मुख्याध्यापिकांनी पंतापुढे पुस्तक धरलं नाही. त्यांनी खणातून एक छापलेलं पान काढलं. एका दीपगृहाची गोष्ट. "हे वाच बाळा," त्या म्हणाल्या.

पंताने पान हातात घेतलं. खिडकीकडे पाहिलं. खिडकीखालून दबका आवाज आला, "कुठलं पान दिलंय?" तो मी ऐकला, पण डोक्यापर्यंत पोचला नाही.

मग शांतता पडली.

ही शांतता मला ठाऊक आहे. नट उभा आहे, वाक्य गेलं आहे, सगळे त्याच्याकडे बघतायत. अशा वेळी माझं डोकं चालत नाही, जीभ चालते. मी अर्धं पाऊल पुढे सरकलो, त्याच्या खांद्यावरून पान बघितलं, आणि त्याच्या कानात पहिली ओळ सोडली.

पंताने ती उचलली. मी दुसरी सोडली, त्याने दुसरी उचलली. काय सांगू, इतकी सुंदर जोडी माझी कुठल्याच नटाबरोबर जमलेली नाही. शब्द माझ्या ओठांतून सुटायचा आणि त्याच्या तोंडून बाहेर पडायचा, मध्ये फट म्हणून नाही. वादळ आलं तिथे त्याने आवाज खाली नेला. जहाज वाचलं तिथे मीच गहिवरलो. पान संपलं तेव्हा मी चक्क टाळ्यांची वाट बघत उभा होतो.

"बघा!" मी म्हटलं. "वाचलं की नाही?"

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पुसला.

खिडकीत भिंगरीचं डोकं उगवलं. "बाबा, छान केलंस! मी करते त्याच्यापेक्षा जरा मोठ्याने, पण छान!"

इतक्या दिवसांची कुजबुज एकदम माझ्या डोक्यात येऊन बसली. पडदा, वारा, हिमनदी, समोरच्या काकूंचं पुस्तक, राजीनामा. उभ्या जन्मात मी दुसऱ्यांना प्रॉम्प्ट केलं, आणि माझ्या घरात माझ्या नाकासमोर महिनाभर प्रॉम्प्टिंग चाललं होतं. धंद्यातल्या माणसाने धंद्यात खाल्लेला असा मार कोणी पाहिला नसेल.

"तुझे कान चांगले आहेत, डॉक्टरांनी सांगितलंय," बायको हळूच म्हणाली. "आता वापर."

मी पंतापुढे खाली बसलो. "का रे राजा?"

"एकदाच करणार होतो," तो म्हणाला. "तू रडवेला दिसत होतास म्हणून. पण मग तू मला उचललंस, गरगर फिरवलंस. मग कसं सांगणार?"

मला काय वाटलं ते लिहायला शब्द नाहीत, आणि शब्द तर माझा धंदा. लाज वाटली. त्याला छातीशी धरून तिथेच रडावंसं वाटलं, आणि थोडं रडलोही. माझ्या आनंदासाठी हा पोरगा भिंगरीच्या वर्गात बसायला निघाला होता.

पंताने माझे डोळे बाहीने पुसले. मग नेहमीच्या गंभीरपणाने म्हणाला, "बाबा, नायकमहाशयांना पण तू सांगतोस ना वाक्य? त्यांना कोणी मागच्या वर्गात बसवत नाही."

मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघू लागल्या. बायकोने माझ्या हातात पेन दिलं. मी सही केली, एवढी मोठी की ती रकान्यात मावली नाही.

१७ फेब्रुवारी

समोरच्या काकूंना पुस्तक नेऊन दिलं आणि माफी मागितली. त्यांनी शिस्तीवर मला एक लांबलचक भाषण दिलं. ऐकून घेतलं, मूग गिळून.

समुपदेशक बाईंचा निरोप आला. भिंगरीने महिनाभरात वरच्या वर्गाचं अर्धं पुस्तक वाचलं आहे, उभ्याने आणि उड्या मारत. तिला बसवू नका, चालता चालता वाचू द्या. आणि पंत कानाने शिकतो, तर शिकू द्या. सोबत रोज थोडं स्वतःचं वाचायचं, त्याची रीत त्या शिकवतील. घाई करायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. दोन्ही वेळा माझं नाव घेऊन.

४ मार्च

आता पडदा काढून ठेवला आहे. भिंगरी जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत इतिहास वाचते, पंत खुर्चीत बसून ऐकतो. ती मध्येच राजाला सर्दी करते, सेनापतीला सायकल देते. पंत डोळे मिटून म्हणतो, "सायकल खोटी." त्याला बरोबर कळतं.

पंत समुपदेशक बाईंकडे जातो. वाळूच्या ताटात बोटाने अक्षरं काढतो, तोंडाने आवाज काढतो. घरी आला की नखांत वाळू. मी विचारलं, काय शिकलास? म्हणाला, "तू विचारायचं नाहीस असं शिकलो."

२७ मार्च

परीक्षा संपली. पंताला वाचून दाखवायला शाळेने वाचनालयातले एक काका दिले होते. पंताच्या मते ते बरे वाचतात, पण भावना नाही. शेवटच्या पेपराला त्याने त्यांना प्रश्नचिन्हाला आवाज कसा चढवायचा ते दाखवलं म्हणे.

मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो. आत जायला मनाई होती, आणि ती बरी होती.

निकालापर्यंत घरात या विषयावर बोलायचं नाही असं ठरलं. ठरवलं बायकोने, पाळतोय मी. भिंगरी पाळत नाही. ती रोज पंताला सांगते, आलास माझ्या वर्गात तर पहिल्या बाकावरची जागा तुझी. पंत उशी फेकतो.

१८ एप्रिल

निकाल. बायको दवाखाना लवकर बंद करून आली. पंत बंद पाकीट घेऊन दारात उभा. मी हात पुढे केला.

"मी वाचणार," पंत म्हणाला. "खरं. आणि तुम्ही कोणी बोलायचं नाही. भिंगरी, तू पण नाही. बाबा, तू तर मुळीच नाही."

त्याने पत्रक काढलं, टेबलावर ठेवलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मी त्याच्या मागे उभा होतो. मला ती ओळ एका नजरेत दिसली. भिंगरीलाही दिसली. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं आणि टेबलाभोवती पळत सुटली.

"पु... पुढ... पुढील." बोट सरकलं. "व... वगा..." तो थांबला, मागे गेला, ओठांनी आवाज जुळवला. "वर्... वर्गात."

मग शांतता पडली. इतकी लांब शांतता मी कुठल्याही प्रयोगात होऊ दिलेली नाही. पुढचा शब्द माझ्या दातांवर येऊन उभा होता. बायकोने माझा हात धरला, रोग्याचा धरते तसा घट्ट, आणि मी जीभ चावून उभा राहिलो.

"बसवण्... नाही. बस... बसण्यास."

भिंगरी धडपडली, उठली, तोंडावरचे हात न काढता पुन्हा पळाली.

"पा... पात्र."

त्याने बोट उचललं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि सबंध ओळ एका दमात वाचली. "पुढील वर्गात बसण्यास पात्र." मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

भिंगरी किंचाळली, बायकोने तिला कवेत घेतलं, खुर्ची पडली. पंत मात्र माझ्याकडेच बघत होता. मी तोंड उघडलं. काही येईना. डोक्यात एक शब्द उरला नव्हता.

तो खुर्चीवर चढला, माझ्या कानाला तोंड लावलं, आणि पहिल्या रांगेलाही कळणार नाही इतक्या हळू म्हणाला, "'शाब्बास' म्हण, बाबा."

"शाब्बास," मी म्हटलं.